मोजायचं राहून गेलेलं माणूस

१

देव्हाऱ्यातला टाक खोटा आहे, हे मीनानं मला सांगितलं तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. तिनं आधी दार लावलं, मग खिडकी लावली आणि मग माझ्या मेथीच्या जुडीकडं बघत रडायला लागली. मी तिला रडू दिलं. पंचवीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. रडणाऱ्या माणसाला लगेच प्रश्न विचारला की ते भलताच स्टॉप सांगतं, एवढं मला कळतं.

मीना म्हणजे भागवतभाऊंची बायको. यांचं घराणं मूळचं पिंपळगाव रेणुकाईचं, आता भोकरदनला बियाण्यांचं दुकान. त्यांच्या घरात पाच पिढ्यांपासून रेणुकेचा टाक होता. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली देवी, विड्याच्या पानाहून लहान, हात लागून लागून नाक झिजलेली. मीनाचं म्हणणं, तो टाक सप्टेंबरात इटलीत हरवला. आता देव्हाऱ्यात आहे तो जालन्याच्या सराफाकडून फोटो दाखवून करून घेतलेला. नाकसुद्धा मुद्दाम घासून घेतलंय.

देवी इटलीत काय करत होती, हा माझा पहिला प्रश्न. तर त्याचं असं झालं, की एकुलती एक लेक अर्पिता जर्मनीत नोकरीला. लग्नाआधी घरच्यांना एकदा फिरवून आणावं, ही तिची हौस. पण तिची आजी तुळजाबाई, वय ब्याऐंशी, परक्या चुलीवरचं खाणार नाही आणि आपले देव घेतल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही. मग अर्पितानं चाकांवरचं घरच भाड्यानं घेतलं. मोटारहोम म्हणतात त्याला. आत शेगडी, पलंग, मोरी, सगळं. आणि भागवतभाऊंनी अट घातली, हारुन येणार असेल तर मी येतो.

हारुनभाई त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. एसटीत ड्रायव्हर होता, त्यातली निम्मी वर्षं मी त्याच्याच गाडीवर कंडक्टर. तुळजाबाईंच्या ताटात जेवून वाढलेला माणूस. आणि आता टाक हारुननं घेतला असावा, असं भागवतभाऊंच्या मनानं घेतलं होतं. तोंडानं ते तसं म्हणाले नव्हते. फक्त त्याच्या घरी जाऊन एकच प्रश्न तीनदा विचारून आले होते, की त्या संध्याकाळी तू कुठं होतास. त्या दिवसापासून हारुननं त्यांच्या गल्लीत यायचं सोडलं आणि अर्पिताच्या लग्नालाही येणार नाही म्हणून निरोप धाडला.

"ताई, बारा दिवसांवर गोंधळ आलाय," मीना म्हणाली. "टाक गेला कुठं तेवढं तुमी शोधा. हे दोघं असे तोंड फिरवून राह्यले तर मंग लग्न लागून बी काय उपयोग?"

मी म्हटलं, आधी तुझ्या सासूबाईंशी बोलते. तशी ती दचकली. मावशींना, म्हणजे तुळजाबाईंना, टाकाचं काहीच माहीत नव्हतं. प्रवासातून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या न्हाणीत पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी हृदय नाजूक आहे म्हणून बजावलं. त्या दवाखान्यात असताना मीनानं पूजेसाठी देवांची डबी उघडली, तर आत नुसते तांदूळ. तेव्हा सगळ्यांनी मिळून नवा टाक आणून ठेवला आणि तोंडं शिवून घेतली.

"काई बी विचारा, पण त्यांना कळू देऊ नका," ती म्हणाली. "कळलं तर त्या राहायच्या न्हाईत."

२

भागवतभाऊ गोदामात सोयाबीनच्या थैल्यांवर बसून बोलले. माणूस तापट नाही, पण दुखावला की घुम्या होतो. मी त्यांना म्हटलं, मला तुमचा संशय सांगू नका, मला तुमचा प्रवास सांगा. कोण कुठं चढलं, कुठं उतरलं.

गावाचं नाव रोक्कालुंगा. डोंगराच्या माथ्यावरचं, आठशे वर्षांचं जुनं गाव, तट अजून जसाच्या तसा. वेस बघून त्यांना जालन्याची मूर्ती वेस आठवली. मोठ्या गाड्यांना वेशीच्या आत मनाई, म्हणून तटाखालच्या मैदानात गाडी लावली. मैदानाच्या कडेला दगडी कठडा आणि कठड्याखाली द्राक्षांचे मळे दरीपर्यंत उतरत गेलेले. दुपारी मावशींनी गाडीबाहेर घडीचं टेबल मांडून पूजा केली, मीनानं पिठलं-भाकरी केली, सगळे जेवले. टाक तेव्हा टेबलावर होता, हे पाचही जणांनी पाहिलंय.

तीन वाजता मावशी सोडून चौघं वर गाव बघायला गेले. मावशींचे गुडघे दगडी पायऱ्या चढणारे नव्हते. गल्ल्या अशा, की समोरून कुणी आलं तर भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. सात मनोरे, मधोमध चौक, चौकात भली मोठी विहीर, आणि घराघरांच्या खिडक्यांत फुलांच्या कुंड्या. भागवतभाऊ हे सांगताना क्षणभर खुलले होते. त्या विहिरीपाशी मागं वळून पाहिलं, तर हारुन नाही.

येईल, येईल म्हणून तासभर वाट पाहिली. त्याच्या फोनात तिकडचं कार्ड नव्हतं. मग शोधाशोध सुरू झाली. सात वाजले, अंधार पडायला लागला. साडेदहाला हारुन आपल्या पायांनी गाडीपाशी आला. शर्ट घामानं भिजलेला. कुठं होतास विचारलं, तर म्हणाला, आपे रिक्षा बघत होतो.

"सहा-सात तास आपे?" भागवतभाऊ म्हणाले. "आपल्या जालन्यात काय कमी आपे हायेत?"

गाडीची दुसरी किल्ली हारुनकडं होती. मावशींना संध्याकाळी डुलकी लागते, हे त्याला माहीत होतं. टाक किती जुना आहे, असलं काम आता कुणी करत नाही, हे त्यानं दुपारीच बोलून दाखवलं होतं. आणि त्या गावात जुन्या वस्तूंची दुकानं पावलापावलावर.

"आमी तिघं सारे एकत्रच व्हतो, चतुराताई. सात वाजता अर्पिता तेवढी दहा मिनिटं खाली गेल्ती, हारुन गाडीपाशी आला का बघायला. मंग उरला कोण?"

चूक तिथंच कुठंतरी होती, पण माझ्या हाती लागत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळचं विचारलं. ते म्हणाले, रोजच्यासारखंच. सगळ्यांच्या आधी उठलो, आंघोळ केली, तांब्या भरलेला होताच, कठड्यापाशी उभं राहून सूर्याला अर्घ्य दिलं, आणि आठ वाजता गाडी हलली. त्यानंतर तीन दिवसांत ते घरी पोचले.

उठता उठता मी विचारलं, अर्पिता खाली गेली तेव्हा तिच्यासोबत कोण होतं? कुणी नाही, असं ते म्हणाले, आणि मग माझ्याकडं असं बघायला लागले की मला त्यांची दया आली. स्वतःच्या लेकीचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता.

३

हारुनभाई दारात कुणाच्यातरी जीपखाली आडवा झाला होता. मला बघून बाहेर आला नाही. त्याच्या बायकोनं, कमरभाभींनी, मला आत बसवलं, चहा टाकला, आणि हळूच सांगितलं की ते जेवायला बसतात पण जेवत नाहीत. "बोलते, पचास साल में पहली बार उसने मेरेकु ऐसी आवाज में पूछा," त्या म्हणाल्या.

मी हारुनचा फोन मागितला. त्या इटलीच्या दिवसाचे फोटो पाहिले. पहिला फोटो सव्वाचारचा, एका बोळात उभी आपे, मागं द्राक्षांची खोकी. दुसरा आपेच्या चाकाचा. तिसरा इंजिनाचा, म्हणजे मालकानं उघडूनही दाखवलं असणार. इथवर माणूस खुशीत. मग दहा मिनिटांच्या अंतरानं एका निळ्या दाराचा फोटो, दारावर पितळी कडी, शेजारी तीन कुंड्या. मग एक कमान. मग एक पायऱ्यांचा बोळ. आणि पावणेसहाला पुन्हा तेच निळं दार. सव्वासातला पुन्हा तेच निळं दार, आता वरचा दिवा लागलेला.

त्या तीन फोटोंकडं मी बराच वेळ बघत बसले. मला आमची पुण्याची जुनी फेरी आठवली. वळणरस्ता नवा निघाला, की हारुनभाई वाटेतली खूण मोठ्यानं बोलायचा. पिवळं घर, टाकी, पिंपळ. परतताना त्याच खुणा उलट्या म्हणायचा. खुणांवाचून त्याचं पान हलायचं नाही.

मी जीपपाशी जाऊन खाली बसले.

"भाई, तुम्ही रस्ता चुकला होता," मी म्हणाले.

पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. तो सरकत बाहेर आला, हात पुसत राहिला.

"आपे दिसली तर मी तिच्यामागं गेल्तो. आपल्या इथली गाडी त्या जुन्या गावात बघून लई बरं वाटलं," तो म्हणाला. "मंग वापस फिरलो तर सगळ्या गल्ल्या एकसारख्या. एकतीस साल गाडी चालवली, चतुराबाई. कधी रस्ता विचारला न्हाई. आणि ते गाव भोकरदनाएवढं बी न्हाई. कोणत्या तोंडानं सांगू?"

त्याचे डोळे भरले होते. हे भागवतला सांगायचं नाही, असं त्यानं माझ्याकडून वदवून घेतलं. चोर म्हटलं तरी चालेल, पण ड्रायव्हर रस्ता चुकला असं म्हणू नका, असा हा माणूस. मला हसूही आलं आणि त्याच्यावर रागही आला.

माझ्यापुरता हारुन सुटला होता. पण रस्ता चुकलेल्या माणसाचे फोटो काही टाक कुठं गेला ते सांगत नव्हते. आणि त्या गाडीत सात वाजता एकटी गेलेली एक मुलगी अजून राहिली होती.

४

अर्पितानं मला फार फिरवलं नाही. लग्नाच्या साड्यांना फॉल लावायला द्यायच्या म्हणून ती ढीग घालून बसली होती. मी विचारलं, टाक तुला हवा होता का? ती सरळ हो म्हणाली.

त्यांच्या घरात टाक मुलाकडं जातो. मुलगा नाही, म्हणजे भागवतभाऊंच्या माघारी तो चुलतभावाच्या देव्हाऱ्यात जाणार. अर्पितानं आजीकडं दोनदा मागितला होता. आजीनं दोन्ही वेळा, बघू, एवढंच म्हटलं होतं.

"मी तिसऱ्यांदा मागितला असता, आत्या," ती म्हणाली. "लपवून नेला असता तर मंग त्याची पूजा कशी केली असती? लपवूनच ना?"

मला तिचं म्हणणं पटलं. पण पटलं म्हणून सोडायचं, अशी माझी सवय नाही. मी तिला सात वाजताची दहा मिनिटं अगदी सावकाश सांगायला लावली. ती धापा टाकत खाली आली. आजी पलंगावर बसली होती. हारुनकाका इथं आला का, म्हणून विचारलं, तर नाही म्हणाली. तो सापडत नाहीये, हे आजीला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. आजी वरच्या फळीवरचा तांब्याचा तांब्या तेवढा काढून दे म्हणाली, पाणी प्यायला असेल म्हणून अर्पितानं दिला. आणि तू जा, त्याला शोध, असं म्हणून आजीनं तिला परत पाठवलं.

मी उठून स्वयंपाकघरात मीनाकडं गेले. अर्घ्याचा तांब्या रोज कोण भरून ठेवतं? मीच, ती म्हणाली, रात्री झोपताना. आणि हारुन सापडत नव्हता त्या रात्री?

त्या रात्री ती गल्ल्या तुडवून दहाला गाडीत आली होती, पाय सुजले होते, हारुन आल्यावर लगेच आडवी झाली. तांब्या तिनं भरला नव्हता.

मग मी देवांच्या डबीचं विचारलं. घरी डबी उघडली तेव्हा ती कशी होती? लाल खणात बांधलेली, मीना म्हणाली, मावशींच्या नेहमीच्या दुहेरी गाठीची. ती गाठ दुसऱ्या कुणाला घालता येत नाही. आणि त्या गावानंतरच्या तीन दिवसांत मावशींनी पूजा केली का? ती विचारात पडली. नाही. चालत्या गाडीत देव उघडत नसतात, असं म्हणून त्यांनी नुसता डबीला हात जोडला होता.

"आणि त्याच्या आधीच्या आठ दिवसांत?"

"आधी तर रोज उघडायच्या," मीना म्हणाली. "विमानतळावर बी उघडली व्हती."

हातातला झारा तिनं तसाच कढईत सोडला.

५

संध्याकाळी मी भागवतभाऊ, मीना आणि अर्पिता, तिघांना गोदामात बोलावलं. घरात बोलणं शक्य नव्हतं, मावशींचे कान अजून शाबूत आहेत.

मी भागवतभाऊंना म्हटलं, गाडी सुटायच्या आधी कंडक्टर माणसं मोजतो. तुम्ही मोजलीत, पण चुकीची मोजलीत. तिघं एकत्र होतो आणि चौथा गायब होता, म्हणून चौथाच चोर, असा तुमचा हिशेब. पण तुम्ही पाच जण होता. गाडीत बसलेलं माणूस तुम्ही धरलंच नाही. म्हातारं माणूस सामानासारखं एका जागी असतं, ते काय करणार, असं सगळ्यांनाच वाटतं.

चोरानं डबी उघडली असती, तर पुन्हा मावशींची गाठ घातली नसती. म्हणजे टाक मावशींनीच काढला. पुढं तीन दिवस त्यांनी डबी उघडली नाही, म्हणजे ती रिकामी आहे हे त्यांना तेव्हाच माहीत होतं. मग त्यांनी टाक कशाला काढला? सात वाजता त्यांना कळलं की हारुन परक्या मुलखात हरवलाय. गुडघे असे, भाषा येत नाही, फोन करता येत नाही. अशा वेळी आपल्याकडच्या बायका काय करतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. माणूस सुखरूप येईपर्यंत देव पाण्यात ठेवतात. मावशींनी तांब्या मागून घेतला. गाडीतल्या नळाचं पाणी भरलं, देवीला आत ठेवलं, वर ताटली झाकली आणि बसून राहिल्या.

"साडेदहाला हारुन आला," मी म्हणाले. "देवी लगेच बाहेर काढायची, पण इतक्या रात्री मावशी देवाला हात लावत नाहीत. सकाळी काढू म्हणून त्या झोपल्या. आणि सकाळी सगळ्यांच्या आधी कोण उठलं, भाऊ?"

भागवतभाऊंना तांब्या भरलेला मिळाला होता. बायकोनं रोजच्यासारखा भरलाय असं वाटून त्यांनी ताटली काढली, गाडीतल्या अंधारात तांब्यात बघायचं काही कारणच नव्हतं. कठड्यापाशी उभे राहिले, डोळे मिटले, मंत्र म्हणत पाणी खाली सोडलं. खाली गवत आणि द्राक्षं. पान पडावं तेवढाही आवाज झाला नसेल.

"मी डोळे मिटूनच देतो," ते एवढंच म्हणाले. मग थैल्यांवर बसून त्यांनी तोंड झाकून घेतलं.

मी त्यांना बसू दिलं. अर्पिता त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. पण मला एक गोष्ट अजून उलगडली नव्हती. मावशींना सगळं माहीत होतं, तर हारुनवर आळ आला तेव्हा त्या गप्प का राहिल्या? ज्या बाईनं त्याच्यासाठी देवी पाण्यात ठेवली, ती त्याला असं बदनाम होऊ देईल?

मीनाचा विरोध होता, डॉक्टरांचं नाव पुन्हा निघालं. पण आता मावशींनाच विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

६

मावशी खिडकीपाशी पलंगावर बसल्या होत्या, चालायची काठी भिंतीला टेकवलेली. भागवतभाऊ दाराआड उभे राहिले. मी टाकाचं नावही काढलं नाही. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, मावशी, त्या डोंगरावरच्या गावात हारुनभाई सापडेना तेव्हा भीती वाटली का हो?

त्यांनी सगळं सांगितलं, मी गोदामात म्हटलं होतं तसंच. फक्त एक गोष्ट मला माहीत नव्हती. पहाटे त्या जाग्या झाल्या तेव्हा खिडकीतून त्यांना भागवतभाऊ कठड्यापाशी दिसले होते, तांब्या रिकामा करताना. हाक मारायला तोंड उघडलं, पण पाणी गेलं होतं.

"केवढा शांत चेहरा व्हता त्याचा," मावशी म्हणाल्या. "म्हटलं, ह्याला आता काय सांगू? घराण्याची देवी आपल्या हातानं टाकली म्हनून जलमभर झुरंल. मंग मी रिकामी डबी बांधून टाकली."

"आणि देव्हाऱ्यातला?"

त्या हसल्या. त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं, देवीचं नाक चुकीच्या बाजूनं घासलंय. लेकानं गुपचूप नवा केलाय, म्हणजे त्याला जुना गेल्याचं ठाऊक आहे, आपल्याला कळू नये म्हणून धडपडतोय, मग आपणही कळल्याचं दाखवू नये, असा त्यांनी विचार केला. लेकानं आईपासून लपवलं आणि आईनं लेकापासून. दोन्हीकडं माया, आणि मधल्यामध्ये तिसराच माणूस भरडला गेला.

कारण हारुनचं त्यांना कुणी काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी मलाच विचारलं, हारुन हैदराबादेहून कधी येणार? लेकीकडं, अलमासकडं गेलाय म्हणतात, दोन महिने झाले.

मी डॉक्टरांचं बोलणं बाजूला ठेवलं. हारुन हैदराबादला गेलेला नाही, मागच्या गल्लीत आहे, आणि का येत नाही, ते सगळं सांगितलं. मावशींचं हृदय नाजूक असेल, पण आवाज नव्हता.

"भागवत," त्यांनी हाक मारली.

ते आत आले, आईच्या पायाशी बसले. मला वाटलं आता त्या रागावतील. त्यांनी लेकाच्या डोक्यावर हात ठेवला.

"देवी गेली ती गेली. उजेडात गेली, द्राक्षात गेली, वाईट जागी न्हाई," त्या म्हणाल्या. "पर लेकरू माझ्या दारातनं जाता कामा नये. तू सोता जा. आन् त्याला घेऊन ये."

भागवतभाऊ गेले. इकडं मावशींनी देव्हाऱ्यातला नवा टाक मागवला, मीनाकडून तोच तांब्या भरून घेतला, आणि टाक पाण्यात सोडून तांब्या मांडीवर धरून बसल्या. त्या रात्री अर्धं राहिलेलं पुरं करायचं होतं. अर्पिता हळूच म्हणाली, लग्नानंतर मी त्या गावात जाऊन कठड्याखाली शोधते. मावशी म्हणाल्या, शोध, आणि सापडली तर तुझ्याच घरी ठेव.

मागच्या गल्लीत दोघांचं काय बोलणं झालं, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. अर्ध्या तासानं मोटारसायकल दारात थांबली. हारुनभाई पुढं, भागवतभाऊ मागं, दोघांचेही डोळे लाल. कमरभाभी पाठोपाठ चालत आल्या.

हारुन उंबऱ्यातच थांबला. सगळ्यांकडं एकदा बघितलं, माझ्याकडं जरा जास्त वेळ. मी मान हलवली, कुणाला काही सांगितलं नाही, अशा अर्थानं. ते खरं नव्हतं. गोदामात मी, तो हरवला होता, एवढं बोलले होते. पण रस्ता चुकला हा शब्द मी तोंडातून काढला नव्हता.

तोच बोलला. मीना, अर्पिता, भागवतभाऊ, सगळ्यांसमोर.

"माय, मी त्या दिवशी रस्ता चुकलो व्हतो."

"मला ठाऊक हाये," मावशी म्हणाल्या. "तवाच तर हिला पान्यात ठेवलं व्हतं."

त्यांनी तांब्यात हात घालून टाक बाहेर काढला, पदरानं पुसला, आणि हारुनच्या कपाळाजवळ नेऊन क्षणभर धरला. मग देव्हाऱ्यात ठेवायला भागवतभाऊंच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, डोळे उघडे ठेवून. मीना रडत रडतच पानं घ्यायला उठली, कारण हारुन जेवलेला नव्हता, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

मी सवयीनं माणसं मोजली. त्या गाडीतली पाचही तिथं होती. मग मी पिशवी उचलली आणि माझ्या मेथीकडं निघाले, पण मावशींनी मला जाऊ दिलं नाही.